सुईच्या मागे मागे कच्छला

डोंबिवलीतलं आमचं महिला मंडळ दिवाळीत थोडा निधी जमवतं आणि बायकांसाठी काम करणाऱ्या कुठल्यातरी संस्थेला पाठवतं. या वर्षी बैठकीत वाद झाला. नुसता धनादेश पाठवायचा आणि पावती फाईलला लावायची, याने नेमकं कोणाचं काय होतं, असा प्रश्न माझ्या नणंदेने विचारला. वन्सं सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे पैसा कुठून कुठे जातो हे पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. त्यातून जानेवारीत कच्छला जायचं ठरलं. रण पाहायचं होतंच, पण मुख्य ओढ होती ती भरतकाम करणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्थांना भेटायची.

मंगळवार: भुज आणि अजरखपूर

कच्छ एक्स्प्रेस संध्याकाळी बांद्रा टर्मिनसहून निघते, आम्ही बोरिवलीला बसलो. सकाळी भुजला उतरलो तर वारा असा बोचरा की वन्संनी पिशवीतली शाल काढून डोक्यावरून घेतली. जानेवारीत इथे दुपारी ऊन चांगलं लागतं, पण सकाळ-संध्याकाळ स्वेटर हवाच.

खोलीवर सामान टाकलं, कुरकुरीत पुरीसारखं पकवान आणि चहा घेतला आणि रिक्षाने अजरखपूरला गेलो. भुजपासून पंधराएक किलोमीटर. हे गावच 2001 च्या भूकंपानंतर वसलेलं. धमडक्याच्या खत्री छापेकारांना भूकंपानंतर पाण्याने दगा दिला. अजरख म्हणजे लाकडी ठशांची छपाई. तिचे रंग पाण्यावर अवलंबून, म्हणून त्यांच्यातली बरीच घरं इथे येऊन राहिली. त्याच गावात 'सृजन' संस्थेने 2016 साली भरतकामाचं मोठं संग्रहालय उभं केलं, लिव्हिंग अँड लर्निंग डिझाईन सेंटर.

तासाभरात पाहून होईल असं वाटलं होतं. दुपारचे तीन वाजले तरी आम्ही पहिल्याच दालनात होतो. अहिरांचे मोर-पोपट आणि आभले, रबाऱ्यांची साखळीटाक्याची ठसठशीत आखणी, खजुराच्या आकाराची खारेक, गच्च भरलेलं पक्को, मुतवा बायकांचे मुगाच्या डाळीएवढे आरसे. प्रत्येक जमातीच्या कामाची धाटणी वेगळी. बाईचा घागरा पाहून ती कोणत्या समाजाची, लग्न झालेली की नाही, हे ओळखणारी माणसं इथे अजून आहेत.

सृजनची सुरुवात 1969 च्या दुष्काळात झाली. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ रामकृष्ण मिशनच्या मदतकार्यासाठी धाणेटी गावात आल्या होत्या. अन्नछत्र चालू होतं, पण बायका फुकटचं घ्यायला कचरत होत्या. उपाशी बायकांच्या अंगावरचं भरतकाम मात्र चंदाबेनच्या डोळ्यांत भरलं. त्या परत आल्या त्या 30 साड्या घेऊन. बायकांनी त्या भरून दिल्या, मुंबईत प्रदर्शन लावलं आणि साड्या विकल्या गेल्या. त्यानंतर काम थांबलं नाही. चंदाबेनना 2006 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला, आणि हे संग्रहालय उघडलं त्याच वर्षी त्या गेल्या.

कामाची पद्धत वन्संनी खोदून खोदून विचारली. आखलेलं कापड, मोजून दिलेला दोरा, आरसे असं सगळं गावात पोचतं. बाई ते घरी बसून भरते, स्वयंपाक, गुरं, शेत सांभाळून. काम परत आलं की मजुरी हातात. विकलं जाईल की नाही ही काळजी तिच्या डोक्यावर नाही, ती संस्थेच्या डोक्यावर. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे जोखीम देणगीने उचलली, बाईने नाही." पुढचे सगळे दिवस हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

*जाणार असाल तर:* या बाजूच्या संस्था आणि संग्रहालयांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, निघण्याआधी फोन करून विचारा. या संग्रहालयाला अर्धा दिवस तरी ठेवा. अजरखपूरला छापखाने पाहायचे तर सकाळी जा, रंगवलेलं कापड उन्हात पसरलेलं दिसतं.

संध्याकाळी हमीरसर तलावाच्या काठी दाबेली खाल्ली. मुंबईतली दाबेली गोड वाटते, इथली मसाल्याने झणकते.

बुधवार: धाणेटी

काल ऐकलेलं गाव डोळ्यांनी पाहायचं होतं. भचाऊच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना बाभळीसारखी वेडीवाकडी झाडं, इथे त्यांना 'गांडो बावळ' म्हणतात, आणि मधूनमधून एरंडाची शेतं. संस्थेत आधी विचारलं होतं म्हणून एका अहिर घरात आमची वाट पाहत होते. ओसरीवर चार बायका, चौघींच्या मांडीवर कापड.

घरच्या आजींना सगळे 'मा' म्हणत होते. सत्तरीपुढच्या असाव्यात, काळी ओढणी, हातावर गोंदण. दुष्काळाचं ते वर्ष त्यांना लख्ख आठवत होतं. विहिरी आटल्या, गुरं मेली, पुरुष माती खोदायच्या कामावर गेले. त्या थोडं गुजराती, थोडं हिंदी बोलत होत्या आणि आम्हाला जवळजवळ सगळं समजत होतं. लोक धान्य वाटायला येत तेव्हा कसं वाटायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बेन, ज्याच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, त्याने रांगेत उभं कसं राहायचं?" आणि दोरा ओवायला सुनेच्या हातात सुई दिली.

सून चाळिशीला आलेली. भरतकामाच्या पैशांतून तिने मुलीला नर्सिंगला भुजला ठेवलं आहे. स्वतः सातवीत शाळा सोडली. तिला मी विचारलं की घरात काय बदललं. मला वाटलं होतं, मान मिळतो वगैरे सांगेल. ती म्हणाली, "आता सासऱ्यांकडे मागायला लागत नाही." कशासाठी? तर दवाखान्यासाठी, मुलीच्या बसच्या पाससाठी, माहेरी जाताना हातात काही न्यायचं असेल त्यासाठी. एवढ्या छोट्या गोष्टींसाठी किती वर्षं तोंड उघडावं लागलं असेल, ते त्या एका वाक्यात कळलं. स्त्रियांच्या सबलीकरणावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, स्वतःही केली आहेत, पण बसच्या पासाबद्दल त्यांत कधी कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

जेवणाचा आग्रह मोडवला नाही. बाजरीचे जाडजूड रोटले, वर लोण्याचा गोळा, वांग्याचा ओळो, लसणाची चटणी, गूळ, आणि भांडं रिकामं होऊ न देणारी छास. वन्संनी दुसरा रोटला घेतल्यावर मा खूश झाल्या.

*एक गोष्ट आवर्जून:* अशा घरी जाताना पैसे देऊ नका, मुलांना चॉकलेटं वाटू नका. घरी खास पाहुण्यांसाठी न्याल तसा खाऊ न्या. फोटो काढण्याआधी विचारा, काही घरांत सुनांचे फोटो चालत नाहीत.

गुरुवार: सुमरासर शेख

भुजच्या उत्तरेला सुमरासर शेख. इथे 'कला रक्षा' ही संस्था 1993 पासून आहे. प्रकाश भानानी आणि अमेरिकेतून कापडाचा अभ्यास करायला आलेल्या ज्युडी फ्रेटर यांनी ती सुरू केली. ज्या बायकांबरोबर काम सुरू झालं, त्या सीमेपलीकडच्या थारपारकरमधून आलेल्या. 1971 च्या युद्धात तिकडचा मुलूख भारतीय सैन्याने घेतला, पुढे करारात परत गेला, आणि अनेक कुटुंबं घरदार सोडून इकडे आली. जमीन नाही, नातीगोती तुटलेली. बरोबर आलं ते हातातलं सूफ नावाचं भरतकाम.

सूफला आखणी नसते. बाई कापडाचे उभे-आडवे धागे मोजते आणि उलट बाजूने भरते, सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटते. मीही बसून पाहिलं. चौथ्या ओळीला माझी मोजणी चुकली आणि शेजारच्या मुलीने न पाहता, नुसतं बोट फिरवून कुठे चुकली ते दाखवलं. हे काम डोळे खातं. चाळिशी ओलांडली की अनेक जणी सूफ सोडतात आणि सोप्या टाक्यांकडे, नाहीतर गोधडीकडे वळतात. ज्या बाईचा हात सगळ्यात तयार असतो तिचेच डोळे आधी जातात, आणि निवृत्तिवेतन वगैरे तर नाहीच. हा विचार मला फार लागला. तिथल्या एकीला विचारलं, चष्मा आहे का? आहे, पण घरच्यांपुढे लावायला लाज वाटते, म्हणाली.

मला इथे सगळ्यात आवडलं ते किंमत ठरवण्याचं काम. एका तुकड्याला किती वेळ लागला, हात किती सफाईदार, नक्षी नवी की जुनीच, हे कारागीर बायकाच बसून ठरवतात. आमच्यासमोर एका पिशवीवरून दोघींची चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, यात वेळ जास्त गेलाय. दुसरीचं, वेळ गेला कारण ती मध्ये लग्नाला गेली होती. हसणं, ओरडणं, मग सगळ्यांना पटेल असा आकडा. एरवी बाईच्या कष्टाची किंमत व्यापारी ठरवतो, नाहीतर गिऱ्हाईक. इथे ती आपल्या तोंडाने आपल्या तासाचा भाव सांगते आणि त्यावर भांडतेही. वन्सं कुजबुजल्या, "बँकेच्या कर्ज समितीत सुद्धा एवढा बारकाईने विचार होत नसे."

याच संस्थेने 2005 मध्ये मुंद्र्याजवळ कारागिरांसाठी शाळा काढली. रंग, रचना, बाजार असं सगळं शिकवणारी, आणि बायका घर सोडून राहू शकतील अशा बेताने थोड्या थोड्या दिवसांचे वर्ग ठेवणारी. तिथे शिकलेल्या मुलींच्या नक्षीत आता विमानं, शाळा, मोबाईलचे मनोरे येतात.

रबाऱ्यांची गोष्टही इथेच नीट कळली. ढेबरिया रबाऱ्यांच्या पंचांनी 1995 मध्ये भरतकामावर बंदी घातली. रुखवताला इतकं काम लागायचं की मुलींची लग्नं वर्षानुवर्षं अडायची. बंदी आली तशी बायकांनी बाजारच्या तयार फिती आणि लेस कापडावर शिवून नवीच शैली काढली, हरी जरी. अंजार तालुक्यातल्या भद्रोईच्या पाबीबेन रबारी यांनी त्यातूनच पिशव्या केल्या आणि पुढे स्वतःचा व्यवसाय उभा करून गावातल्या बायकांना काम दिलं. बंदीमागचं कारण मला समजतं, हुंड्यासाठी कोणाच्याही मुलीचं आयुष्य सुईला टांगलेलं नसावं. पण तीच सुई बाजारासाठी चालली की पैसा तिच्या हातात येतो. टाका तोच असला तरी तो कोणासाठी घातला जातो, यावर सगळं ठरतं.

शुक्रवार: कुकमा, भुजोडी आणि पुन्हा भुज

कुकम्याला 'खमीर'चं आवार आहे. 1998 च्या चक्रीवादळानंतर कच्छातल्या संस्था एकत्र येऊन 'कच्छ नवनिर्माण अभियान' उभं राहिलं, आणि भूकंपानंतर हस्तव्यवसायांसाठी त्यातून हे केंद्र झालं. इथे देशी काळा कापूस हातमागावर विणतात आणि एका मागावर चक्क प्लास्टिकच्या पिशव्या. बायका कचऱ्यातून पिशव्या गोळा करतात, धुतात, कापून पट्ट्या करतात आणि मागावर दुसऱ्या बायका त्या विणतात. दुधाच्या निळ्या पिशव्यांची चटई पाहून वन्संनी लगेच दोन घेतल्या.

भुजोडी विणकरांचं गाव. शालींची दुकानं देखणी, विणकर पुरुष प्रेमाने माग दाखवतात. मी मात्र मागच्या अंगणात गेले. तिथे घरातल्या बायका सूत उकलत होत्या, खळ देत होत्या, कांड्या भरत होत्या. शालीवर नाव विणकराचं, आणि ही निम्मी मेहनत मजुरीत धरलीच जात नाही. आपल्याकडे पैठणीच्या मागाशी हेच पाहिलं आहे. नवीन मुली आता मागावर बसायला लागल्या आहेत, दोघी आम्हाला भेटल्या.

संध्याकाळी भुजमध्ये 'कच्छ महिला विकास संगठन'ची ओळख झाली. 1989 साली सुषमा अय्यंगार यांनी हे काम सुरू केलं. सुरुवात भरतकामापासूनच, कारण बायकांना घराबाहेर बोलावायला तेवढंच निमित्त चालत होतं. पण एकत्र बसल्यावर बोलणं दोऱ्यावर थोडंच थांबतं! पाणी, रेशन, दारू, मारहाण, पंचायत, सगळं निघालं. पुढे त्यांनी भुजच्या आकाशवाणीवरून कच्छी भाषेत 'कुंजल पांजे कच्छजी' हा कार्यक्रम केला, गावातल्या बायकांचे प्रश्न गावाच्या बोलीत मांडणारा. भरतकामाचा भाग आता 'कसब' या नावाने चालतो, आणि त्याची मालकी कारागीर बायकांकडे आहे.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या संस्थेने नुसतं शिवणयंत्र वाटलं, तिचं शिवणयंत्र काही वर्षांनी कपडे वाळत घालायला लागतं, हे मी आमच्याच भागात पाहिलं आहे. इथे लोकांनी तीस-चाळीस वर्षं गुंतवली. दोरा पुरवायचा, नमुने जपायचे, विकत घ्यायचं, पैसे वेळेवर द्यायचे, आणि बाई बैठकीला आली नाही तर तिच्या घरी जायचं. देणगीचा पैसा या कंटाळवाण्या, फोटोत न येणाऱ्या कामाला लागतो. पगार, भाडं, डिझेल. देणगीदार म्हणून आम्हाला हेच खर्च नको असतात, आम्हाला पाटी लावलेली वस्तू हवी असते.

*खरेदीबद्दल:* भुजला उडदाची मिठाई, अडदिया, नक्की घ्या, हिवाळ्यातच चांगला मिळतो. भरतकाम घेताना कापडाची उलट बाजू पाहा, यंत्राचा टाका तिथे लगेच ओळखू येतो.

शनिवार: बन्नी आणि पांढरं रण

ड्रायव्हरभाई पहाटे हजर. भिरंडियारा नाक्यावर परवाना काढावा लागतो, तो ऑनलाईनही मिळतो. ओळखपत्र बरोबर ठेवा. तिथला मावा खाल्ल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आम्हीही गेलो नाही. बन्नीत दूरवर गवत, म्हशी आणि मातीची गोल घरं, इथे त्यांना भुंगा म्हणतात.

धोर्डोच्या रस्त्याला मुतवा आणि इतर बायकांच्या कामाची दुकानं लागतात. एका दुकानात आमच्यासमोर एक मोठं कुटुंब आलं, बोलण्यावरून महाराष्ट्रातलंच. छोट्या आरशांचं एक चोळीचं कापड होतं. दुकानातल्या मुलीने सांगितलं, माझ्या मामीने केलंय, दोन महिने लागले. त्यांनी अर्ध्या किमतीला मागितलं, मग त्याहून कमी, आणि शेवटी न घेताच निघाले. मुलगी कापडाची घडी घालत राहिली. मला राहवलं नाही. बाहेर जाऊन त्या ताईंना सांगितलं की दोन महिन्यांची मजुरी हिशेबात धरून पाहा. त्यांनी ऐकून घेतलं. परत मात्र आल्या नाहीत.

भूकंपानंतरच्या दिवसांत इथल्या घरोघरचे जुने घागरे आणि चोळ्या व्यापाऱ्यांनी मातीमोलाने उचलल्या. बाईने लेकीसाठी जपलेलं काम पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना विकलं गेलं. म्हणून कच्छमध्ये घासाघीस करणं मला पटत नाही. जिथे किंमत बायकांनीच ठरवली आहे तिथे तर नाहीच.

ते चोळीचं कापड वन्संनी घेतलं.

रणावर पोचेपर्यंत सूर्य कलला होता. मीठ पायाखाली करकरत होतं, वारा कानात शिरत होता आणि क्षितिजापर्यंत पांढरं. शेजारी उंटगाड्या, पोरांचा गलका, चहावाले. छान वाटलं. पण खरं सांगायचं तर मी तिथे उभी राहून सुमरासरच्या त्या चष्म्याचाच विचार करत होते.

रविवार आणि त्यानंतर

सकाळी भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन पाहिलं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात गेलेल्यांची नावं तिथे कोरली आहेत. नावं वाचत चढताना बोलणं आपोआप थांबलं. दुपारी खिचडी-कढी खाऊन गाडी धरली.

मंडळाच्या बैठकीत वन्संनी हिशेब मांडला. या वर्षीचा निधी दोन भागांत जाणार आहे. एक भाग संस्थेला, कुठल्याही वस्तूची अट न घालता, त्यांना हवा तिथे खर्च करायला. दुसऱ्या भागातून दिवाळीच्या भेटींसाठी पिशव्या आणि बटवे मागवले, निम्मे पैसे आगाऊ देऊन. आणि सूफ करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांच्या तपासणीला मदत करता येईल का, असं पत्र लिहिलं आहे. करायचं झालं तर कसं, हे तिथल्या बायकाच ठरवतील.

तुम्हाला अशी मागणी द्यायची असेल तर पाच-सहा महिने आधी द्या. पाऊस पडला की बायका शेतात असतात आणि लग्नसराईत सुया बाजूला ठेवल्या जातात. रंग नेमका हाच हवा असा हट्ट धरू नका, आणि तारीख ठरवताना ती त्यांना विचारून ठरवा. आमच्या पिशव्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतील.